दोन पाडसे

आपल्या शाळेत गेल्या फाल्गुनात एक पाहुणा येऊन गेला, हे बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. लोह्याकडील एका खेड्यातून नित्य एस. टी. ने येणारा आठवीतला एक विद्यार्थी त्या सकाळी घंटा होऊन गेल्यावर धापा टाकीत वर्गाच्या दाराशी उभा राहिला. खताची एक रिकामी पिशवी त्याने उराशी घट्ट धरली होती. उशीर का झाला म्हणून त्यास विचारावे, तोच पिशवीच्या तोंडातून दोन मोठे काळेभोर डोळे बाहेर डोकावले आणि सारा वर्ग एका क्षणात बाकांवर चढला. ते हरणाचे पाडस होते. ज्वारीची काढणी चालू असता धुऱ्याच्या कडेस गवतात ते एकटेच निपचित पडलेले त्यास सापडले. आई जवळपास कोठे दिसेना. गावची कुत्री त्याच बाजूस हिंडत होती. तेव्हा त्याचा जीव वाचवावा, या सद्भावनेने तो ते थेट शाळेत घेऊन आला होता. वाटेत कंडक्टरने कौतुकाने पाडसाचे अर्धे तिकीट मागितले, हेही तो मोठ्या अभिमानाने सांगत होता.

सर्वांनी त्याची पाठ थोपटली. आम्हांस मात्र ती थोपटवेना, आणि त्याच्यावर रागावताही येईना. कारण चाळीस वर्षांपूर्वी नेमका हाच पराक्रम आम्ही स्वतः केला होता. त्याचा शेवट कसा झाला हे आजवर एका परक्या माणसाखेरीज घराबाहेर कोणास आम्ही सांगितलेले नाही. त्या दिवशी पाडसास दूध पाजू न देणारे शिक्षक आम्हीच. त्यामुळे पुष्कळ मुलांस आम्ही निर्दय वाटलो असू, आणि सहावीतील एक मुलगी तर आमच्यावर रुसून रडली. तिचे देणे लागतो म्हणून ही हकीकत लिहावयास घेतली आहे.

आमचे मूळ गाव लातूर जिल्ह्यात, अहमदपूर तालुक्यात. गावच्या एका अंगास काळी जमीन आणि दुसऱ्या अंगास उघडा मुरमाड माळ. या माळावर आमच्या लहानपणी पंचवीस-तीस हरणांचा कळप नित्य असे. नराची पाठ काळी कुळकुळीत, पोट पांढरे शुभ्र, आणि डोक्यावर पीळ घातलेली लांब शिंगे. यालाच काळवीट म्हणतात. माद्या तांबूस, बिनशिंगाच्या आणि दिसण्यात अगदी गरीब. कळप एकदा उधळला म्हणजे एकेक जनावर चेंडूसारखे असे उंच उसळे, की पाहणाऱ्याने औत थांबवून उभे राहावे. तथापि शेतकऱ्यास या शोभेचा आनंद फार वेळ घेता येत नाही, हेही खरे. हरभऱ्याचे कोवळे शेंडे ही हरणे एका रात्रीत साफ करतात. आणि हल्ली सोयाबीन उगवून येते न येते तोच त्याच्यावर त्यांची धाड पडते. जो रात्रभर शेतावर डबे वाजवीत जागला आहे, त्यास हरणाच्या डोळ्यांचे वर्णन ऐकवण्यात अर्थ नाही.

सन १९८४ मधील माघ महिन्याची गोष्ट. आम्ही सातवीत होतो. सुटीच्या दिवशी आखाड्यावर गेलो असता धुऱ्यालगतच्या वाळल्या गवतात आम्हांस असेच एक पाडस सापडले. ते इतके निश्चल होते, की प्रथम आम्हांस ते मेलेलेच वाटले. मग त्याचा कान हलला. आमच्या घरी एक वृद्ध सालगडी होता. त्यास आम्ही सारी भावंडे ‘मामा’ म्हणत असू. तो कडबा बांधीत होता. त्याने लांबूनच हाक दिली, “हात लावू नगंस, बाळा. त्याची माय तिकडं चरायला गेली असंल. सांजंला येती ती.”

मामास लिहितावाचता येत नव्हते आणि आम्ही तर इंग्रजी शिकू लागलो होतो. त्याचे आम्ही ऐकले नाही.

पाडस घरी आणल्यावर जो आनंद झाला त्याचे काय वर्णन करावे! आमची धाकटी बहीण त्या वेळी सहा वर्षांची होती. तिने तत्काळ त्याचे नाव ठेवले. ते नाव येथे लिहवत नाही. वडिलांनी मात्र कपाळास आठी घालून ‘जेथून आणले तेथे नेऊन ठेवा’ असे सांगितले. त्यांचे ऐकले असते तरी सारे निभावले असते. पण इतक्यात शेजारची मंडळी जमली आणि त्यांतील कोणी जाणत्याने निर्वाळा दिला, की आता यास माणसाचा हात लागला, माणसाचा वास लागला; आता याची आई यास हुंगूनही पाहावयाची नाही. झाले! जी गोष्ट आपल्याला करावयाची असते तिला आधार देणारे वचन किती लवकर पटते! वडीलही गप्प बसले. पाडस घरीच राहिले.

पहिल्या दिवशी त्याने तोंडास काही लावले नाही. दुसऱ्या दिवशी कापडाचा बोळा म्हशीच्या दुधात भिजवून त्याच्या तोंडात धरला, तेव्हा ते चोखू लागले. मग आम्हांस कोठे थांबावे ते कळेना. वाटीमागून वाटी झाली. पोट नगाऱ्यासारखे तट्ट फुगले, तेव्हा आमची आजी म्हणाली, “किती भुकेलं होतं बघा लेकरू!” गल्लीतील यच्चयावत मुले पाहावयास आली. पाडस या मांडीवरून त्या मांडीवर फिरले. बहिणीने आपली रिबीन त्याच्या गळ्यात बांधली आणि तिला एक घुंगरू अडकवले. त्याचे काळीज हाताखाली कसे थडथडत होते, हे आम्हांस आजही आठवते. आणि ते भीतीने थडथडत आहे, असे त्या वेळी आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही. तिसऱ्या दिवशी त्यास हगवण लागली. कोणी ओव्याचे पाणी सुचवले, तेही पाजून झाले. चौथ्या दिवशी पहाटे चुलीजवळच्या गोधडीवर ते मरून पडलेले आढळले.

मामाने त्यास त्याच धुऱ्याशी नेऊन पुरले. आम्ही बरोबर गेलो होतो. माती लोटून झाल्यावर तो म्हणाला, “तीन सांजा ती हितं येऊन उभी ऱ्हात व्हती.”

“मग आधी का नाही सांगितलंस?” आम्ही विचारले.

“सांगितलं असतं, तर दिलं असतं का तुमी?”

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. त्या मामास जाऊन आता पुष्कळ वर्षे लोटली.

वन्य प्राणी घरी आणून पाळणे हा गुन्हा आहे, सन १९७२ पासून देशात तसा कायदा आहे आणि काळविटास त्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या पंक्तीस बसवलेले आहे, हे आम्हांस पुढे मोठेपणी कळले. परंतु कायद्याच्या अज्ञानाचे आम्हांस तितकेसे वाटत नाही. आम्ही जे केले ते अत्यंत मायेने केले, हेच शल्य आहे.

असो. आता जरा निराळ्या मुलखात जावयाचे आहे. नांदेडची मंडळी वाघसिंह पाहावयाचे म्हणजे पूर्वीपासून हैदराबादेसच जातात. सन १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यातील. राजधानीचे शहर तेच. तेथील बाग-ए-आम मध्ये जुने प्राणिसंग्रहालय होते आणि त्याच्या गोष्टी आमचे आजोबा सांगत. पुढे सन १९६३ मध्ये मीर आलम तलावाच्या काठी तीनशेहून अधिक एकरांचे नेहरू प्राणिसंग्रहालय उघडले आणि जुन्या बागेतील जनावरे तिकडे गेली. सन २०१८ च्या डिसेंबरात शाळेच्या सहलीबरोबर आम्ही तेथे गेलो होतो. रात्रीची गाडी मुदखेड, धर्माबाद, बासर, निजामाबाद करीत सकाळी पोहोचली. मुलांपैकी कोणी झोपले नव्हते आणि अर्थातच शिक्षकही.

मुले वाघाच्या खंदकापाशी गेली, ती तेथून हलेनात. आम्ही हरणांच्या आवाराशी रेंगाळलो. तेथे एक वयस्क रक्षक चाऱ्याच्या गव्हाणी झाडीत होता. बोलण्यातून बोलणे निघाले. त्याचे सारे आयुष्य जनावरांच्या पिल्लांत गेले होते. का कोण जाणे, आम्ही त्यास आमच्या पाडसाची हकीकत सांगितली. तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला आणि आपल्या दख्खनी बोलीत म्हणाला, “मास्टरसाब, आप लोगां उसको प्यार से मार डाले.”

मग त्याने जे समजावून सांगितले, ते पुढे आम्ही वाचूनही पडताळून पाहिले. हरिणी आपले पाडस टाकून देत नाही. ती ते लपवून ठेवते. जन्मल्यानंतर पहिले काही दिवस पाडसास कळपाबरोबर धावता येत नाही. त्याच्या अंगास वासही फारसा नसतो. म्हणून आई त्यास गवतात बसवून मुद्दाम लांब जाते, जेणेकरून लांडग्या-कुत्र्यांचे लक्ष तिच्याकडे जावे, पिल्लाकडे जाऊ नये. दिवसातून ठराविक वेळी ती येते, पाजते, चाटते आणि पुन्हा निघून जाते. पाडस एकटे दिसणे हीच त्याची सुरक्षितता. आणि माणसाचा हात लागल्यावर आई पिल्लास घेत नाही, हा समज बहुतांशी निराधार आहे. लवकर नेऊन ठेवल्यास आई त्यास बहुधा पुन्हा जवळ करते. म्हणजे पहिल्या दिवशीच काय, दुसऱ्या दिवशीही आमच्या हातून परत नेणे झाले असते तर!

खरोखरच पोरके झालेले पाडस हाताने वाढवावयाचे झाल्यास ते काम किती जिकिरीचे आहे, हेही त्याने सांगितले. पहिल्या दिवशी मिळणारा आईचा चीक ज्यास मिळाला नाही, त्याच्या अंगी रोगाशी झगडण्याचे बळच येत नाही. दूध मापून, कोमट करून, थोडे थोडे आणि वारंवार द्यावे लागते. मान वर उचललेली असावी लागते. आडवे धरून पाजल्यास दूध फुप्फुसात उतरते. पाजल्यानंतर ओल्या फडक्याने शेपटीखाली पुसावे लागते, कारण आईने चाटल्यावाचून इतक्या लहान पिल्लास मलमूत्र विसर्जनही होत नाही. याखेरीज भीती ही स्वतःच एक व्याधी आहे. हरणाच्या जातीचे जनावर पकडले, फार हाताळले, तर घाबरून त्याच्या स्नायूंचा नाश होऊ लागतो, आणि दोन-चार दिवसांनी ते मरते; वरून इजा काहीच दिसत नाही. रिबीन आणि घुंगरू आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. शेवटी त्याने एक गोष्ट सांगितली, ती आम्हांस सर्वांत कठीण वाटली. अशा पिल्लास कुरवाळावयाचे नाही, त्याच्याशी बोलावयाचे नाही, आणि बाटली संपताच निघून जावयाचे. माणसाळलेला नर मोठा झाला म्हणजे माणसासच आपल्या जातीचा समजतो आणि शिंगे घेऊन त्याच्यावर चालून येतो.

पिंजऱ्यात जनावर ठेवणे आम्हांस कधीच फारसे रुचलेले नाही. परंतु त्या दिवशी आम्ही जे पाहिले व ऐकले, त्याने आमचे मत थोडे सैल झाले, हे कबूल केले पाहिजे. पिसोरी नावाचे एक चिमुकले जनावर आहे. यास मूषक-हरिण असेही म्हणतात, मात्र ते खऱ्या हरणांच्या कुळातले नव्हे. वजन फार तर तीन-चार किलो. शिंगे मुळीच नसतात. नरास वरच्या जबड्यात बारीक सुळे असतात. अत्यंत भित्रे आणि रात्री हिंडणारे, म्हणून जंगलात राहणाऱ्यांसही ते क्वचितच दिसते. सन २०१० मध्ये या संग्रहालयात प्रेक्षकांच्या नजरेआड निराळ्या आवारात दोन नर व चार माद्या घेऊन त्यांची पैदास करण्यास आरंभ झाला. हैदराबादेतच सी. सी. एम. बी. ही जीवशास्त्राची मोठी संशोधनसंस्था आहे. तिच्या शास्त्रज्ञांनी या माद्यांच्या लेंड्या तपासून त्यांच्या ऋतुचक्राचा अभ्यास केला. रक्त काढावयास जनावर धरावे लागते आणि धरले की ते घाबरते. लेंडी मात्र ते आपण होऊन देते! मादी सुमारे पाच महिन्यांनी वीत जाते आणि पिल्लू झाल्यावर काही तासांतच पुन्हा नराशी संग करते, हे त्यांस आढळले. म्हणजे ‘बाळंतिणीस विश्रांती द्यावी’ अशा मायाळू विचाराने नरास वेगळे काढणे हेच या जातीत चुकीचे ठरले असते. सहांची पुढे शेकड्यांनी संख्या झाली आणि सन २०१७ पासून त्यांतील काही पिसोरी अमराबादच्या जंगलात सोडण्यात आल्या. सोडतानाही एकदम नव्हे. आधी जंगलातच कुंपण घातलेल्या जागेत ठेवून, तेथील पाला व फळे खावयाची सवय करून, मग. याच शास्त्रज्ञांनी सन २००७ मध्ये कृत्रिम रेतनाने काळविटाचे पाडसही जन्मास आणले होते. एवढी विद्या, एवढा खटाटोप. आणि आम्ही म्हशीच्या दुधाचा बोळा घेऊन बसलो होतो.

बाकीचे आम्ही धावतपळत पाहिले. निशाचर प्राण्यांच्या घरात दिवसा अंधार आणि रात्री दिवे, अशी उलट सृष्टी केलेली आहे, ती मुलांस फार आवडली. वाघसिंहांची रोजची मांसाची तोल ठरलेली असते. उन्हाळ्यात त्यांस पाण्याचे फवारे असतात. पुढे सन २०२१ मध्ये करोनाच्या साथीत येथीलच आठ सिंहांस तो आजार झाल्याचे वर्तमानपत्रात आले, तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांनी घरून फोन करून आम्हांस विचारले, “सर, आपण पाहिलेले तेच का?” ते सर्व सिंह बरे झाले.

ज्या जातीस आवारही मानवत नाही आणि मोकळा माळही उरला नाही, तिचे काय, हा प्रश्न आम्हांस पुढील वर्षी पडला. आमची ती धाकटी बहीण आता सोलापुरास असते. सन २०१९ च्या भाऊबीजेस आम्ही तिच्याकडे गेलो असता तिच्या मुलांनी नान्नजचा बेत काढला. सोलापुराहून बार्शीच्या रस्त्याने वीसेक किलोमीटरवर हे माळढोक पक्ष्यांचे अभयारण्य आहे. नावात अरण्य असले तरी तेथे झाडे थोडी. सारा गवताचा माळ, अगदी आमच्या गावच्या माळासारखा. सन १९७२ मध्ये श्री. बी. एस. कुलकर्णी यांनी येथील माळढोकाकडे जगाचे लक्ष वेधले आणि सन १९७९ मध्ये अभयारण्य झाले. माळढोक म्हणजे मीटरभर उंचीचा, नर असल्यास बारा-पंधरा किलो वजनाचा, उडणाऱ्या पक्ष्यांत जगातील अत्यंत वजनदारांपैकी एक. राष्ट्रीय पक्षी निवडावयाचा होता तेव्हा डॉ. सलीम अली यांनी याचीच शिफारस केली होती. मान मिळाला मोरास.

अभयारण्य आखताना हात फारच सैल सोडला गेला. आठ हजार चारशे चौरस किलोमीटरांहून अधिक मुलूख त्यात आला. गावेच्या गावे, शेते, रस्ते, सर्व काही. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, आणि ज्या शेतकऱ्यांच्या माळावर हा पक्षी पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदला, त्यांच्याच मनात त्याच्याविषयी अढी बसली. पुढे पुष्कळ वर्षांनी हे क्षेत्र कमी करून बाराशे चौरस किलोमीटरांच्या आसपास आणले गेले. तोवर माळाची शेते झाली, ऊस आला, विजेच्या तारा आल्या. या पक्ष्यास समोरचे नीट दिसत नाही आणि जड देहामुळे आयत्या वेळी वळता येत नाही. त्यामुळे तारांवर आदळून तो मरतो. मादी वर्षास बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर, आणि सुमारे चार आठवडे एकटी उबवते. जवळ जाऊन छायाचित्र घेण्याच्या हौसेपायीही ती अंडे सोडून उठते. अलीकडे नान्नजला एखादी मादी दिसली, तरी त्याची बातमी होते.

आम्ही सकाळपासून दुपारपर्यंत त्या माळावर दुर्बीण लावून बसलो. काळवीट पुष्कळ दिसले. एक लांडगाही दिसला, असे भाचा शपथेवर सांगतो. माळढोक दिसला नाही. परत निघताना बहिणीने दुर्बीण खाली ठेवली. इतका वेळ ती हरणांच्या कळपाकडेच पाहत होती, हे आमच्या लक्षात आले नव्हते. ती म्हणाली, “दादा, त्याची आई चौथ्या दिवशीही आली असेल का रे?”

चाळीशी उलटलेल्या बाईच्या तोंडचे हे वाक्य ऐकून आम्ही काही बोललो नाही. तिने ते मनात ठेवले असेल, अशी आम्हांस कल्पनाच नव्हती.

त्याच वर्षी, म्हणजे सन २०१९ मध्ये, राजस्थानात जैसलमेरकडे सम या ठिकाणी माळढोकाची अंडी वाळवंटातून उचलून आणून यंत्रात उबवण्याचे काम सुरू झाले होते. अंडे नाहीसे झाल्यास मादी पुष्कळदा दुसरे घालते, या निसर्गनियमाचा त्यात उपयोग केलेला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनाने पहिले पिल्लू तेथे जन्मले, आणि आता तेथील दोन केंद्रांत मिळून साठांहून अधिक माळढोक आहेत. साऱ्या देशात रानात राहणारे दीडशेच्या आसपास उरले असताना ही संख्या लहान नव्हे. तथापि या पिल्लांस पुढे सोडावयाचे कोठे? आपल्या मराठवाड्यातील माळांकडे पाहिले म्हणजे या प्रश्नाचे उत्तर आम्हांस सुचत नाही.

आता शाळेतील पाहुण्याकडे वळतो. त्या सकाळी आम्ही पाडस पिशवीतून काढले आणि प्रयोगशाळेमागील रिकाम्या खोलीत अंधारात एका खोक्यात ठेवून दार लावून घेतले. शिपाईमामांनी मायेने दुधाची बाटली आणली होती. ती परत पाठवली. मुलांस खिडकीशीही येऊ दिले नाही. वनखात्यास कळवले. त्यांच्याकडील एक वनरक्षक दुपारी आले. त्यांनी पाडस तपासले, जखम नाही असे पाहिले, आणि आईकडेच नेऊन ठेवण्यास संमती दिली. मग तो विद्यार्थी, वनरक्षक आणि आम्ही, असे शाळेच्या गाडीने लोह्याकडे निघालो. सारी वाट पोराचा चेहरा उतरलेला होता. “सर, माझं चुकलं का?” असे त्याने दोनदा विचारले. त्यास आम्ही आमच्या पाडसाची गोष्ट तेव्हाच सांगितली. तो ऐकत राहिला आणि मग विचारू लागला, की मामाने किती लांबून पाहिले होते, हरिणी कोणत्या वेळेस येत असे, कोठल्या अंगाने येत असे. आम्हांस यांतील काहीच ठाऊक नव्हते. आम्ही मामास कधी विचारलेच नव्हते.

पाडस कोठे सापडले ती जागा त्याने बरोबर दाखवली. गवत दबल्याची खूण अजून होती. तेथे त्यास ठेवले. ते लगेच मान टाकून निश्चल झाले, जणू मध्यंतरी काही घडलेच नाही. त्याच्या वडिलांनी स्वतःची व शेजाऱ्यांची कुत्री बांधून ठेवली. ते मात्र हसत म्हणाले, “मास्तर, आमचा हरभरा ह्यांनी खाल्ला, आन् कुत्रीबी आम्हीच बांधायची!” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, तरी कुत्री त्यांनी घट्ट बांधली. आम्ही सर्व दोन फर्लांगांवर एका लिंबाखाली जाऊन बसलो. सूर्य कलला. माळाच्या कडेवर कळप आला. त्यातून एक मादी वेगळी झाली, थोडी पुढे आली, थांबली, मान उंचावली, मागे फिरली, पुन्हा थांबली. इतक्यात अंधार पडला आणि काही दिसेनासे झाले. वनरक्षक म्हणाले, आता आपण येथून निघावे. आपण आहोत तोवर ती यावयाची नाही. आम्हांस जागचे उठवत नव्हते. परंतु उठलो.

दुसऱ्या दिवशी तो विद्यार्थी घंटेच्या आधीच शाळेत हजर होता. त्याने पहाटे जाऊन पाहिले होते. जागा रिकामी होती. रक्त नव्हते, केस नव्हते. खुरांच्या खुणा होत्या. पण कळप तेथून नेहमीच जातो, त्यामुळे त्यांवरून काही ठरवता येत नाही, हे त्याने आपण होऊनच सांगितले. मुलांचे त्याने समाधान झाले नाही. पाडस आईस मिळाले की नाही, एवढेच त्यांस हवे होते. आणि ते आम्ही सांगू शकलो नाही.

पुढे आठ-दहा दिवसांनी मधल्या सुटीत तो आमच्या खोलीशी आला. धुऱ्याकडे त्याने एक मादी व तिच्या मागे एक पाडस पाहिले होते. “ते तेच असंल का, सर?” असे त्याने विचारले. आम्ही म्हणालो, “सांगता येत नाही. तू किती जवळून पाहिलंस?”

तो म्हणाला, “लिंबाखालूनच पाहिलं, सर. पुढं गेलोच नाही.”